पाहुण्यांआधीची झाडलोट

१२ जानेवारी

खारूताई,

तुझ्या औषधाच्या तपासणीची माणसं येऊन गेली, आणि सगळ्यात आधी आली ती गाडीवाली. मला वाटलं होतं पुढे डॉक्टर, मागे बाकीचे, पण कसलं काय! ही बाई दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर आली, केस कानांच्या वर कापलेले, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि दारातूनच म्हणते, "खारूताईची आजी ती तुम्हीच ना?" म्हणजे तू प्रयोगशाळेत घरचं नाव सांगून बसलीस! मी आपली खूश. तिच्यामागून तो चष्मेवाला तरुण डॉक्टर धापा टाकत आला, आणि शेवटी अंगाच्या आतले फोटो काढतो तो फोटोवाला. फोटोवाला फार अबोल. दोन बिस्किटं खाल्ली, तीही विचारून.

खोली मी आदल्या दिवशीच घासूनपुसून ठेवली होती. तुला ठाऊकच आहे, तीस वर्षं लॉजच्या खोल्या आवरल्या मी. तपासनीस येणार म्हटलं की आधी कोपरे, मग खिडकीच्या फटी, मग पलंगाखालचं. पाहुण्याला धूळ दिसली तर मान माझी खाली जायची. पाय ठणकत होता म्हणून पलंगाखालचं बसून सरकत सरकत केलं. तू ओरडशील म्हणून हे सांगणार नव्हते, पण आता लिहून झालं, खोडायचं कशाला.

तेवढ्यात वरची शिंपीणबाई खाली. "कात्री आहे का हो?" घ्या! शिंपिणीला माझी कात्री! मी म्हटलं, बसा, चहा घ्या, आणि कोण आलंय ते डोळे भरून बघा. बसली मेली.

डॉक्टर म्हणाला, "आजी, तीन वर्षांपूर्वी खुबा बदलला. दुखायला कधी लागलं?" मी म्हटलं, "हिची मांजर व्याली त्या आठवड्यात." "म्हणजे कधी?" "चार महिने झाले की, पिल्लं आता पडदे फाडतात." त्यानं 'चार महिने' लिहिलं, मांजर गाळली.

मग त्यानं समजावलं. हाडवाल्या डॉक्टरांचं अडलंय ते इथेच. धातूचा खुबा नुसता सैल होऊन सुजलाय, की आत जंतू शिरलेत? रक्त पाहिलं, सुई घालून पाणी काढून पाहिलं, एक तपासणी हो म्हणते, दुसरी नाही. नुसती सूज असेल तर काठी आणि एक इंजेक्शन. जंतू असतील तर लवकर उघडून सगळा खुबा काढायचा, थांबून चालत नाही. मी विचारलं, "आणि थांबलो तर?" तेव्हा फोटोवाल्यानं तिसरं बिस्किट घेतलं, न विचारता. त्यावरून मी काय ते समजले.

अकरा पानांचा कागद होता. चौथीपर्यंतच शाळा माझी, पण बोट ठेवून एकूण एक ओळ वाचली. डॉक्टरनं बिचाऱ्यानं दोनदा घड्याळ बघितलं. "जंतू मारायच्या गोळ्या चालू आहेत का?" असं छापलेलं होतं. नाही म्हटलं. नव्हत्याच. सही माझी मी केली.

आता तू सांग, ते तुझं औषध करतं काय? डॉक्टरनं सांगितलं ते डोक्यावरून गेलं. फोनवर नको. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला मी हं हं करते. पत्र दोनदा वाचता येतं. आणि खोटं लिहायचं असेल तर पत्रच लिहू नकोस, हे आपलं जुनंच ठरलेलं.

एकोणतीस तारखेला, गुरुवारी, इथल्या मोठ्या दवाखान्यात बोलावलंय. काय नेसू?

आजी


१६ जानेवारी

आजी,

सुती आणि सैल काहीतरी नेस, बटणं-पिना धातूच्या नकोत. पलंगाखालचं वाचलं. ओरडत नाही, पण गाडीवालीनं इथे येऊन सगळ्यांना सांगितलं की तुझ्या फरशीत तोंड दिसतं. आता माझ्या टेबलाकडे बघून सगळे हसतात.

औषधाचं ऐक. मातीत कोट्यवधी जंतू असतात आणि जागेवरून त्यांची सारखी भांडणं चालतात. त्यातले काही शेजाऱ्याला हाकलायला स्वतःच्या अंगात औषध तयार करतात. ते जंतूच्या अंगाला चिकटतं आणि माणसाच्या पेशीला ओळखतही नाही. आम्ही ते घेतो, अगदी कणभर, आणि त्याला एक किरण सोडणारा कण बांधतो. कंदील बांधला असं समज. तुझ्या शिरेत सोडलं की ते रक्ताबरोबर अंगभर फिरतं. नुसती सूज असेल तिथे थांबत नाही. जंतू दिसला की त्याला धरून बसतं. वरचा कॅमेरा फक्त कंदील बघतो.

कंदील लवकर विझतो. सहा तासांत निम्मा, पुढच्या सहात त्याच्याही निम्मा. म्हणून मी सकाळी सहाला तयार करते, गाडीवाली शिशाच्या डब्यात घालून निघते, आणि दहाला तुझ्या हातात सुई. आजोबा असते तर त्यांच्या घड्याळांच्या दुकानातलं एखादं घड्याळ त्यांनी त्या डब्यावर बांधून दिलं असतं.

आमच्याकडे बाराजण आहेत. अकरांचे फोटो झाले. अकराही जणांना कंदील दिसला, आणि उघडल्यावर जंतू निघाले. बारावी तू. तू या तपासणीत यावंस म्हणून मीच तुझ्या हाडवाल्या डॉक्टरांच्या मागे लागले होते, आणि आता प्रत्येक मोजमाप मीच दोन-दोनदा तपासते. अकरांपैकी तिघांचा पाय गेला. हे लिहायला नको होतं, पण खोटं नको म्हणालीस.

खरं सांगू? महिनाभर मला जेवण जात नाही. फोटोत काही दिसलं नाही ना, तर त्या दिवशी मी पोटभर जेवेन.

खारू


३१ जानेवारी

खारूताई,

जेव! आधी जेव, मग हे वाच. काही दिसलं नाही!

आता क्रमानं सांगते. गाडीवाली दहाला पाच कमी असताना आली. तो डबा केवढा जड गं! हातभर लांबीचा नाही, पण ती दोन्ही हातांनी धरून आणत होती, आणि आत काय, तर बोटाएवढी सुई. मी म्हटलं, "एवढ्याशा जिवाला एवढी मोठी पालखी?" फोटोवाला चक्क हसला. सुईवरही शिशाचं जाकीट. मी डब्यावर हळूच हात ठेवला. म्हटलं, सहाला हिचा हात इथे लागलाय.

औषधाला मी नाव ठेवलंय. चहाडखोर. घराघरांत फिरायचं, कोण कुठे लपलंय ते बघायचं आणि बाहेर येऊन सांगायचं. शिंपीणबाईला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे तुमच्यासारखंच की!" घ्या!

अर्धा तास बसवलं, तीन पेले पाणी पाजलं, मग त्या अरुंद फळीवर आडवं केलं. वर चौकोनी पेटी, नाकापासून चार बोटांवर. हलायचं नाही म्हणे. चाळीस मिनिटं मी हलले नाही आणि बोलले नाही. त्यातलं कुठलं जास्त अवघड गेलं ते तुला ठाऊक आहे. दुपारी परत एकदा तसंच. दिवसभर लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, असं बजावून सांगितलं. मी मांजरीच्या पिल्लांनाही घेतलं नाही. ती दारात बसून रडली.

फोटोवाल्यानं पडदा माझ्याकडे वळवला. नुसती राखाडी मी. मूत्रपिंडं तेवढी दोन उजळ, ती सगळ्यांचीच असतात म्हणाला, औषध तिथूनच बाहेर जातं. खुबा अगदी कोरा. हाडवाले डॉक्टर स्वतः खाली आले, पाठीवर थाप मारली. म्हणाले, नुसती सूज आहे, दहा-बारा दिवसांत खुब्यात सूज उतरायचं इंजेक्शन देऊ, पळायला लागाल.

एक गंमत केलीय मी. आत्ता नाही सांगत, भेटलीस की सांगेन. तुझं जेवण व्हावं म्हणून केली एवढंच सांगते.

एक शंका. तुझा चहाडखोर जंतूपर्यंत पोचतो, त्याला धरून बसतो, मग त्याला मारूनच का येत नाही? एवढ्या लांब गेलाच आहे तर!

काय जेवलीस ते लिही.

आजी


६ फेब्रुवारी

आजी,

दोन बश्या भात आणि वर आणखी एक. गाडीवाली समोर बसून मोजत होती.

तुला ठाऊक नाही तू काय केलंस. माझ्या साहेबबाई गेली दोन वर्षं म्हणत होत्या, "जंतू असताना उजळतं हे दाखवलंस. नसताना उजळत नाही हे दाखव. नाहीतर उद्या नुसत्या सुजेलाही चिकटत असेल, कुणी सांगावं?" तुझा खुबा सुजलेला, गरम, आणि तरी कोरा. बारा जणांत एकच असा. काल त्यांनी तुझा फोटो भिंतीवर लावला. खाली नाव नाही, नुसता 'बारा'. मी येता-जाता बघते.

तुझ्या शंकेचं उत्तर लांबलचक आहे, पुढे कधीतरी. आणि गंमत काय ती लिही ना. भेट दोन महिने तरी जमणार नाही, तोवर माझ्या पोटात दुखेल.

इंजेक्शन झालं का?

खारू


१६ फेब्रुवारी

खारूताई,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. अक्षर वाकडं येतंय ते बघू नकोस. थोडी कणकण आहे. हवा बदलली की मला होतंच.

इंजेक्शन झालं नऊ तारखेला. काय सांगू तुला, तीन दिवस मी पोरीसारखी फिरले! काठी दाराला टेकवून ठेवली. जिना उतरून पाववाल्यापर्यंत गेले, त्यानं ओळखलंच नाही, म्हणाला, "आजी, तुमची धाकटी बहीण का?" लबाड. शिंपीणबाईचे पडदे उतरवून धुवून दिले. मग चौथ्या दिवशी खुबा परत गरम झाला, आणि संध्याकाळी थंडी वाजून दात असे वाजले की वरून शिंपीणबाई ओरडली, "काय कुटताय?" आता तीच दोन वेळा गरम पाणी आणून देते. कपाळाला हात लावते आणि लगेच पाणी बदलायला धावते. तिची ही घाई मला आवडत नाही. पण उतरेल. एक इंजेक्शन लागू पडलं, दुसरंही पडेल.

गंमत सांगते, तू हट्टच धरलास म्हणून. शिंपीणबाईची दाढ काढली होती ना गेल्या वर्षी, तेव्हाच्या जंतू मारायच्या गोळ्या तिच्या सुयांच्या डब्यात तशाच पडून होत्या. दाढ दुखायची थांबली आणि तिनं सोडून दिल्या. तुझं ते 'काही दिसलं नाही तर पोटभर जेवेन' वाचलं, आणि मी म्हटलं, पाहुणे येणार ते येणारच. मग आपण घर झाडून ठेवायला काय हरकत आहे? तीस वर्षं तपासनिसाच्या आधी झाडलं, आता तर खुद्द नातीचा तपासनीस. एकोणीस तारखेपासून रोज एक. दहा होत्या, नऊ घेतल्या. शेवटची अठ्ठावीसला घ्यायची, तर ती पलंगाखाली गडगडली. तिथेच असेल. म्हटलं असू दे, नऊ पुरे.

आणि बघ, लागू पडल्या की नाही? चहाडखोर आला, सगळं चकाचक बघून गेला! तू हस आता.

शिंपीणबाई मात्र परवा म्हणाली, "हे खारूला सांगितलंत का?" तिच्या तोंडावरून वाटलं की सांगायला हवं होतं. म्हणून सांगितलं.

आजी


२० फेब्रुवारी

आजी,

पत्र सकाळी मिळालं. मी जिन्यातच बसले.

शिंपीणमावशींना फोन केला आहे. हाडवाल्या डॉक्टरांनाही सगळं सांगितलंय. हे पत्र पोचेल तेव्हा तू दवाखान्यात दाखल झालेली असशील. तुझं रक्त घेऊन झालं की मावशी खेळायला पत्त्यांचा जोड पाठवणार आहेत, खेळात फार रंगू नकोस.

हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. नऊ गोळ्यांनी जंतू मेले नाहीत, आजी. पलंगाखाली सरकले. खूप कमी झाले, धातूला चिकटून दबा धरून बसले. माझा कंदील खूप जंतू एका जागी असतील तरच दिसतो. त्या दिवशी आत जेवढे होते तेवढे त्याला पुरेसे नव्हते. कॅमेरा खोटं बोलला नाही. त्यानं तू दाखवलीस ती खोली बघितली. मग ते इंजेक्शन. सूज म्हणजे अंगाचा पहारा असतो, इंजेक्शननं तो झोपवला. नुसतीच सूज असती तर बरोबर होतं ते. आणि अर्धवट गोळ्यांतून जे जगले ते त्या गोळीला न जुमानणारे.

तू मला विचारायला हवं होतंस, असं मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. कारण लिहायला हवं होतं ते मी. आमच्या कागदावर 'चालू आहेत का' एवढंच होतं. 'आता इथून पुढे घेऊ नका' हे कुठेच नव्हतं, आणि माझ्या पत्रात तर मी तुला कोऱ्या फोटोसाठी गळच घातली. तू माझं ऐकलंस. लहानपणापासून मी जे मागितलं ते तू कुठून ना कुठून आणलंस, हे मला आठवायला हवं होतं.

साहेबबाईंना सांगितलं. त्या उठल्या आणि भिंतीवरचा 'बारा' काढला.

सव्वीस तारखेला, गुरुवारी, परत फोटो. औषध मीच बनवणार आहे. आता आवराआवर नको, आजी. जसं आहे तसं.

खारू


१ मार्च

खारूताई,

पास झालं गं तुझं औषध!

मी दवाखान्यातून लिहितेय, खिडकीजवळची खाट आहे. हाताला नळी आहे ती डाव्या, म्हणून लिहिता येतं. या खेपेला फोटोवाल्याला पडदा वळवायचा नव्हता. मी म्हटलं, "बाबा रे, खोली माझी आणि मलाच आत येऊ देत नाहीस?" तेव्हा वळवला.

काय दिसलं म्हणून सांगू! खुबा तर असा उजळला होता, जसा फुंकर घातलेला निखारा. आणि तिथून वर मणक्यात एक, दोन, तीन, जिन्यात ओळीनं दिवे लागावेत तसे. छातीत डावीकडे एक बारीक. मी मोजले. म्हटलं, अरे, हिनं तर सगळे शोधले, एकही सोडला नाही! मी टाळी वाजवायला गेले तर नळी ओढली गेली, नर्सबाई ओरडली.

फोटोवाला खाली बघून बटणं दाबत होता. गाडीवाली कोपऱ्यात रिकामा डबा घेऊन उभी. मी तिला म्हटलं, "तिला सांग हं, एकूण पाच सापडले." ती म्हणाली, "सांगते आजी," आणि बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही. डबा मात्र इथेच विसरली.

तुझ्या साहेबबाईंना म्हणावं, आता लावा भिंतीवर. दोन्ही लावा, शेजारी शेजारी. झाडलेलं आणि न झाडलेलं.

तू जिन्यात बसलीस ते मला आवडलं नाही. गार असतो जिना.

माझ्या शंकेचं उत्तर अजून यायचंय. तिथपर्यंत जातो, तर मारून का येत नाही?

आजी


५ मार्च

आजी,

शनिवारी मी येतेय. पत्र आधी पोचेल की मी, ठाऊक नाही. तोंडानं मला सांगता येणार नाही म्हणून लिहिते.

जंतू खुब्यातून रक्तात गेले, रक्तातून मणक्यात आणि हृदयाच्या झडपेवर. तुझ्या रक्तातले जंतू इथे वाढवून बघितले. आमच्याकडच्या चौदा औषधांपुढे ठेवले. बारांना ते जुमानत नाहीत. उरलेली दोन तुझ्या नळीतून चालली आहेत, आणि तरी ताप उतरत नाही. खुबा काढायचा तर भूल द्यावी लागेल, आणि या झडपेला भूल झेपणार नाही. हाडवाल्या डॉक्टरांशी मी तासभर भांडले. ते शांतपणे ऐकत होते, त्यावरूनच मला कळलं. मी विचारलं, किती? ते म्हणाले, आठवडे. महिने म्हणाले नाहीत.

तुझ्या शंकेचं उत्तर. औषध तेच, मारणारंच आहे. मातीत ते मारतंच. पण मी पाठवते ते धुळीच्या कणाहून कमी असतं, कंदील दिसण्यापुरतं. मारण्याइतकं द्यायचं तर जंतूच्या आधी तुझी मूत्रपिंडं जातील. ते करून बघू का, असंही मी विचारलं. नाही म्हणाले. म्हणजे मी सात वर्षं असं काहीतरी शिकले, आजी, जे तुला नेमकं कुठे काय आहे ते दाखवतं, आणि तिथे नुसतं धरून बसतं.

खोटं लिहायचं नाही ठरलेलं, म्हणून लिहिलं.

खारू


१५ मार्च

खारूताई,

तू गेलीस आणि खाट मोठी वाटायला लागली. तुझं पत्र तू समोर बसलेली असतानाच आलं, गंमतच ना? नर्सबाईनं आणून दिलं, तू हिसकावून घ्यायला लागलीस, मी उशीखाली घातलं, आणि तू पाणी आणायला गेलीस तेव्हा वाचलं. तू परत आलीस तर माझं तोंड कसं होतं? तुला काही कळलं नाही ना? मला वाटतं कळलं. तू पेला भरायला विसरली होतीस.

उत्तर पटलं मला. धरून बसतं, हे काय कमी आहे? तुझी आई गेली तेव्हा मी दुसरं काय केलं? तुला धरून बसले. त्यानं काही टळलं नाही, पण तू त्या खोलीत एकटी नव्हतीस.

आता घरी आणलंय मला. मीच म्हटलं, नेताय तर माझ्या खोलीत न्या. शिंपीणबाईनं शिवणयंत्र खाली आणून माझ्या खाटेशी ठेवलंय, दिवसभर खडखड चालते. ती म्हणते, "तुम्हाला त्रास होत असेल तर बंद करते." मी म्हटलं, बंद केलंस तर मला वाटेल मीच गेले. हसली, मग डोळे पुसले, मग सुई मोडली. गोळ्या तिच्या होत्या म्हणून ती स्वतःला खाते. तू तिला दोन ओळी लिही. माझं ऐकत नाही ती.

बुधवारी पाहुणे आले होते. या खेपेला आधी फोटोवाला आला! गाडीवाली खालीच थांबली होती, वर यायला धीर होईना म्हणे. मी खिडकीतून हाक मारली, "तुझा डबा दवाखान्यात विसरलीस, आता निदान चहा तरी विसरू नकोस." मग आली. एक एक पायरी. चष्मेवाल्या डॉक्टरनं नवा कागद आणला होता, दोन्ही फोटो वापरायला परवानगी हवी म्हणून. बोट ठेवून वाचला, पण आता ओळी हलतात, म्हणून त्यानं वाचून दाखवला. मग त्यानं अकरा पानांचा तो जुना कागद काढला, नव्यानं छापलेला, आणि चौथ्या पानावरची एक ओळ दाखवली. 'तपासणी होईपर्यंत घरातली, शेजारची, उरलेली कुठलीही गोळी घेऊ नका. घेतली असेल तर सांगा. कुणी रागावणार नाही.' शेवटचं वाक्य कुणी घातलं म्हणून मी विचारलं. म्हणाला, तुमच्या खारूताईनं. मी ती ओळ तीनदा वाचून घेतली. शिंपीणबाईलाही ऐकवली. तेराव्या माणसाला ती वाचून दाखवतील ना? नाहीतर तोही माझ्यासारखाच झाडू घेऊन बसायचा.

ती दहावी गोळी सापडली. गाडीवालीनं पलंगाखाली हात घालून काढली. धूळ होती खाली. इतकी धूळ! तिच्या बाहीला लागली. गोळी तिनं रुमालात गुंडाळून ठेवली.

मी त्यांना म्हटलं, पडद्यावर बघितलं ते काही खरं नाही, मला दोन्ही फोटो कागदावर हवेत. इथे भिंतीला लावीन. फोटोवाला म्हणाला, मोठे छापून आणतो, काचेत घालून. मी म्हटलं, कधी? तो डॉक्टरकडे बघायला लागला. डॉक्टरनं खिशातली छोटी वही काढली, पानं उलटली, परत उलटली. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं पोरानं. मीच म्हटलं, "अरे, तुला सवडीचा असेल तो दिवस सांग, मी कुठे जातेय?"

शिंपीणबाईला बजावलंय, खोली झाडायची नाही. जसं असेल तसं बघू दे. चहा तेवढा ठेव, बिस्किटं जास्त आण, तो न विचारता खातो.

अक्षर फार वाकडं झालं, पुरे आता. तू जेव.

पंचवीस तारखेला, बुधवारी, सकाळी अकराला येतो म्हणाले.